ऑनलाइन तिकिटं घेताना: दहा रुपयांचे गांधीजी साडेतीन हजारांत?

चांदणवेल
नमस्कार मंडळी. मी स्वतः पोस्टाची तिकिटं जमवत नाही, बाबा जमवतात. त्यांच्या अल्बममधलं एक पान वर्षानुवर्षं अर्धवट आहे: १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेला गांधीजींचा संच. दीड आणे, साडेतीन आणे आणि बारा आणे त्यांच्याकडे आहेत, दहा रुपयांचं नाही. पुढच्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, तेव्हा ते पान भरून द्यावं असं मनात आहे.

इन्स्टाग्रामवर एक जण हे तिकीट कोरं, "१००% ओरिजिनल, रेअर, गॅरंटीसह" म्हणून ₹३,५०० ला देतोय. फोटो एकच, पुढच्या बाजूचा, तोही प्लास्टिकच्या पाकिटातून काढलेला. "तीन जण लाइनमध्ये आहेत, आज रात्रीपर्यंत पैसे टाका" असा निरोप आलाय. दुसरीकडे परदेशातल्या एका साइटवर हेच तिकीट, शिक्का मारलेलं, याच्या दुपटीहून जास्त किमतीला आहे. कोरं स्वस्त आणि वापरलेलं महाग हे मला तरी उलटंच वाटतंय.

ऑनलाइन घ्यावं का? घ्यायचं तर विकणाऱ्याला काय विचारायचं? बाबांना विचारलं तर सगळं बिंग फुटेल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उपद्व्यापी
मी पयला! बाकी विषयातलं ओ की ठो कळत नाही.

खारुताई
चांदणवेल, पैसे टाकले नसतील तर टाकू नका. "आज रात्रीपर्यंत" म्हणणाऱ्याकडून तिकीट घ्यायचंच नाही. ७५ वर्षांहून जुनं तिकीट उद्या सकाळपर्यंत कुठे पळून जात नाही.

बाकी सविस्तर रात्री लिहिते.

दौलतराव_नाशिक
दहा रुपयांचे गांधी हे भारतातल्या सर्वांत जास्त नकला झालेल्या तिकिटांपैकी एक आहे. कोऱ्या, गोंद शाबूत असलेल्या चांगल्या तिकिटाचा भाव साडेतीन हजारांच्या कितीतरी वर असतो. त्यामुळे तुम्हाला जे उलटं वाटलं ते बरोबरच वाटलं.

हा संच आमच्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसचा नव्हे, स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए या छापखान्यात फोटोग्राव्ह्युअरने छापलेला आहे. खऱ्या तिकिटाची छपाई भिंगाखाली पाहिली की छटा सलग, मऊ दिसतात. हल्लीच्या नकला ऑफसेटवर किंवा साध्या प्रिंटरवर काढलेल्या असतात, त्यात वेगवेगळ्या रंगांचे सुटे ठिपके दिसतात. दुसरं म्हणजे दाते. खऱ्याचे दाते साडेअकराचे, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रं. मोजायची पट्टी स्वस्तात मिळते. पण हे सगळं तिकीट हातात आल्यावर. इन्स्टाग्रामच्या फोटोत ठिपके शोधत बसू नका, तिथे फोटोचेच ठिपके दिसतील.

जुनाट
माझं मत कुणाला आवडणार नाही तरी सांगतो. तिकीट ऑनलाइन घ्यायची वस्तूच नाही. हातात घ्यावं, उलटून पाहावं, उजेडासमोर धरावं, विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं. फोर्टात जा, नाहीतर महापेक्ससारख्या प्रदर्शनात विक्रेत्यांचे स्टॉल असतात तिथे जा. आमच्या वेळी पाकिटावरची तिकिटं पाण्यात भिजवून, वर्तमानपत्रावर वाळवून, मित्रांशी अदलाबदल करून संग्रह व्हायचा. आता काय, बसल्या जागी बोट दाबा आणि संग्राहक व्हा.

पाचोळा
जुनाटकाका, मी गोंदियाला राहतो. फोर्टात जायला मला रात्रभर रेल्वेत काढावी लागते. माझ्यासारख्यांनी संग्रहच करू नये का?

आणि तोंडाकडे बघून खरं-खोटं कळतं हे मला पटत नाही. लहानपणी एका प्रदर्शनात एका गोड बोलणाऱ्या आजोबांनी मला त्रिकोणी तिकिटांचं पाकीट "फार दुर्मिळ हो बाळ" म्हणून दिलं होतं. अजमान, फुजैरा, मनामा. बाळ खूश. ऑनलाइन निदान तेच तिकीट जगभरात किती जण किती किमतीला विकतायत ते दिसतं. ईबेवर तर विकल्या गेलेल्या वस्तूंचे भावही बघता येतात. कुणी काय मागितलं ते सोडा, गिऱ्हाईकाने शेवटी किती मोजले ते बघा. ही सोय फोर्टातल्या टेबलावर नव्हती.

टेम्सकाठचा_बाळू
पाचोळा +१.

अजमान-फुजैराची तिकिटं पाहिली नाहीत असा मराठी पोरगा त्या काळी नसेल! साठ-सत्तरच्या दशकात आखातातल्या या छोट्या अमिरातींच्या नावाने ढिगांनी तिकिटं छापली, त्यातली बरीचशी गोंदासकट शिक्का मारूनच संग्राहकांना विकली. पत्रावर कधी लागलीच नाहीत. इंग्रजीत त्यांना वाळूच्या टेकड्यांच्या नावाने ओळखतात. दिसायला झकास, किंमत शून्याच्या आसपास.

अवांतर: इकडे ब्रिटनमध्ये आता उलटी गंमत आहे. रोजच्या टपालासाठीच लोक ऑनलाइन स्वस्तात तिकिटं घेतात आणि ती बनावट निघतात. नेहमीच्या तिकिटांवर बारकोड आला, बिनबारकोडची ३१ जुलै २०२३ नंतर बंद झाली, तरी बनावट येतातच. बनावट तिकीट लावलेल्या पत्रांपायी लोकांना ५ पौंडांचा भुर्दंड बसलाय.

उपद्व्यापी
म्हणजे बाळूभाऊ, तुमच्याकडे संग्राहक नसलेल्यांनाही नकली तिकिटं मिळतात. याला म्हणतात समानता.

खारुताई
रात्री लिहिते म्हणाले होते, लिहिते. दौलतरावांनी नकली मालाबद्दल सांगितलंच आहे. माझा अनुभव असा की खोट्या तिकिटापेक्षा खऱ्या, पण फुटकळ तिकिटाने जास्त लोकांचे पैसे जातात. खोटं तिकीट निदान खोटं म्हणून परत तरी मागता येतं. चार आण्याचं खरं तिकीट चारशेला घेतलं तर कुणाकडे तक्रार करणार? तिकीट खरंच आहे की!

१९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट घ्या. त्यात मूर्ती आरशातल्यासारखी उलटी छापली गेली आणि १९५० मध्ये सुलटी करून परत काढली. किस्सा खरा, चूकही खरी. पण उलटी मूर्ती असलेली तिकिटं भरपूर छापली गेली आणि लोकांनी पत्रांवर चिकटवून संपवली. आजही ढिगाने मिळतात. ऑनलाइन त्याचं "अल्ट्रा रेअर एरर" होतं आणि मागे दोन शून्यं वाढतात. छपाईतली चूक आणि दुर्मिळता या वेगळ्या गोष्टी आहेत.

पेनी रेडचंही तसंच. व्हिक्टोरिया राणीचं लाल तिकीट दिसलं की "१८५८, लाखोंचं" अशी जाहिरात. लाखोंचं आहे ते ७७ नंबरच्या प्लेटवर, म्हणजे छपाईच्या पत्र्यावर, छापलेलं. बाकीची अब्जांनी छापलेली आहेत. त्या काळातल्या तिकिटांवर प्लेटचा नंबर कडेच्या नक्षीत अगदी बारीक कोरलेला असतो, तो वाचायचा. आणि ७७ दिसला तर जास्तच सावध व्हायचं, कारण शेजारचा आकडा खरवडून ७७ करणारे कलाकारही आहेत.

नवीन मिनिएचर शीट्सचा (एक-दोन तिकिटं असलेल्या छोट्या सजवलेल्या कागदांचा) धंदा तर विचारू नका. पोस्टाच्या फिलाटेलिक ब्युरोत (संग्राहकांसाठीच्या खिडकीवर) दर्शनी किमतीला मिळणारी शीट आठवड्याभरात ऑनलाइन पाचपट. लोकांना वाटतं संपली. संपलेली नसते, तुमच्या गावच्या ब्युरोत आलेली नसते. पोस्टात दोनशे रुपये भरून फिलाटेली डिपॉझिट खातं उघडलं की नवीन तिकिटं घरी येतात. कंटाळवाणा मार्ग आहे, पण पैसे वाचवतो.

सरळमार्गी
खारुताई, सचिनचं तिकीट मी घेऊन ठेवलंय हो. १४ नोव्हेंबर २०१३, वानखेडे, दोनशेवी कसोटी. विकणारा म्हणाला, जिवंत भारतीयाचं पहिलं तिकीट, भाव वाढतच जाणार.

खारुताई
सरळमार्गी, ठेवा. सचिन म्हणून ठेवा, गुंतवणूक म्हणून नको. आणि पहिलं वगैरे काही नाही. महर्षी कर्व्यांचं तिकीट १९५८ मध्ये त्यांच्या शताब्दीला निघालं तेव्हा अण्णासाहेब हयात होते. ते तिकीट आज चहाच्या पैशांत मिळतं.

सरळमार्गी
चहा कुठला, टपरीवरचा की विमानतळावरचा?

अण्णा_टपालवाले
टपाल खात्यातून निवृत्त आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

तिकीट खोटं ठरवायला भिंग लागतंच असं नाही, बऱ्याचदा शिक्का वाचला तरी पुरतं. मला एकाने फॉरवर्ड केलं होतं: "१५ ऑगस्ट १९४७ चं फर्स्ट डे कव्हर, स्वतंत्र भारताच्या पहिल्या तिकिटासह". (फर्स्ट डे कव्हर म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट.) स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, झेंड्याचं, साडेतीन आण्यांचं, २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालं. ते १५ ऑगस्टच्या पाकिटावर कसं असेल? त्या दिवशी टपालात चालत होती ती सहाव्या जॉर्जची तिकिटं. त्यावर "जय हिंद"चा शिक्का असलेली पाकिटं खरी आहेत. पण पाकिटावर राजा दिसला की आपल्या लोकांचा हिरमोड होतो, म्हणून कुणीतरी झेंडा चिकटवून दिला असणार. शिक्क्याची तारीख तिकिटाच्या आधीची असेल तर पुढे बोलायलाच नको.

दुसरं. कोरं तिकीट घेताय तर गोंद पाहा. मागच्या बाजूचा फोटो न देणारा विक्रेता काहीतरी लपवतोय असंच धरून चाला. हिंजचा (तिकीट अल्बममध्ये लावायच्या कागदी पट्टीचा) डाग, पातळ झालेला कागद, नवीन गोंद लावलेला. नव्याने गोंद लावला की तो पुष्कळदा दात्यांच्या टोकांपर्यंत ओघळतो आणि टोकं कडक लागतात. आणि आपल्याकडच्या दमट हवेत पिवळे-तांबूस ठिपके पडतात ते वेगळंच. समोरून तिकीट झ्याक दिसतं, पाठीवर सगळा पावसाळा असतो.

मांडवीकाठ
अण्णा, पावसाळ्याचं अगदी बरोबर. आम्हा गोंयकारांना तर बारमाही. जून ते सप्टेंबर कोरी तिकिटं मागवायचीच नाहीत असा माझा नियम आहे, पोचेपर्यंत दोन तिकिटांचं एक होतं.

मी पोर्तुगीज इंडियाची जमवतो. १८७१ पासून १९६१ पर्यंतची. इथे ऑनलाइनशिवाय गत्यंतरच नाही, कारण चांगला माल पोर्तुगालमध्ये आहे. ईबे आणि डेलकॅम्प या संग्राहकांच्या साइटवर लिस्बनचे जुने विक्रेते आहेत, भाव वाजवी, पुढचे-मागचे स्कॅन न मागता देतात. पण सुरुवातीची, इथेच गोव्यात ओबडधोबड छापलेली तिकिटं मात्र मी प्रमाणपत्राशिवाय घेत नाही. त्यांचे प्रकार इतके आणि नकला इतक्या की डोकं फिरतं. उलट १९५२ चा सेंट फ्रान्सिस झेवियरचा संच, किंवा १९५९ मध्ये रुपये-टांगा हे चलन जाऊन एस्कुदो आले तेव्हा जुन्या तिकिटांवर नवीन किंमत छापली ती, हे बिनधास्त घ्यावं. बहुतेक तिकिटं स्वस्त आहेत, नक्कल करून कुणाला काय मिळणार?

म्हणजे माझा हिशेब साधा आहे. ज्याची नक्कल परवडते त्यालाच घाबरा.

नीरा_देवघर
मांडवीकाठ, शेवटचं वाक्य संस्थानी तिकिटांना लागू होत नाही बरं का. आमच्या भोर संस्थानाची तिकिटं १८७९ ची, हाताने ठसा मारलेली, देशी कागदावर, ना दाते ना गोंद. फार महाग नाहीत, तरी नकला आहेत, कारण ठसा कोरायला आणि लाल शाईत बुडवून मारायला लागतंय काय? मला एकदा दाते असलेलं "भोर" ऑफर झालं होतं. मी म्हटलं, दादा, हे तिकीट खुद्द संस्थानिक पंतसचिवांनी सुद्धा पाहिलं नसेल.

फरीदकोटसारख्या संस्थानांनी तर संग्राहकांसाठी स्वतःच पुनर्मुद्रणं काढली. ती नकली म्हणायची की अस्सल, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत.

जुनाट
पाहा, म्हणूनच म्हणतो, हातात घेऊन घ्यावं.

नीरा_देवघर
काका, दाते असलेलं भोर मला हातातच दिलं होतं. प्रदर्शनात.

उपद्व्यापी
*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

वकील_बिनफीचा
जरा व्यवहाराचं. पैसे कसे देता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. यूपीआयने अनोळखी माणसाच्या नंबरवर टाकलेले पैसे म्हणजे रोखच समजा. ज्या साइटवर माल परत करण्याची सोय आणि वाद सोडवण्याची पद्धत आहे तिथेच मोठी खरेदी करा, आणि "साइटचं कमिशन वाचवू, बाहेरून घ्या" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, "ओरिजिनल" हा शब्द त्यात दिसला पाहिजे. नंतर जाहिरात पुसली जाते.

विकणाऱ्यांनाही तेवढाच धोका आहे. "तुमचं जुनं तिकीट/नाणं/नोट लाखोंना घेतो, आधी नोंदणी फी आणि कर भरा" हा प्रकार इतका वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात कमिशन मागणाऱ्यांविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. दुसऱ्या दिवशी नव्हे.

पाचोळा
व्हॉट्सअ‍ॅप लिलावांबद्दलही कुणीतरी बोला. आमच्या एका ग्रुपवर प्रत्येक चांगल्या तिकिटाला एकच गृहस्थ शेवटपर्यंत बोली वाढवायचे आणि ऐनवेळी गप्प व्हायचे. नंतर कळलं, विकणाऱ्याचे मेहुणे. आता मी आकडा आधीच कागदावर लिहितो आणि त्याच्या वर गेलं की मोबाइल उपडा ठेवतो.

टेम्सकाठचा_बाळू
मेहुण्यांचा उपयोग अखेर सापडला.

प्रमाणपत्राबद्दल: लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी आणि बीपीए ही तिकिटं तपासणारी ब्रिटिश संस्था, दोन्हीकडे तज्ज्ञ समित्या आहेत, त्यांच्या प्रमाणपत्राला जगभर मान आहे. पण तपासणीची फी, जाण्यायेण्याचा टपालखर्च, विमा आणि अनेक आठवडे. चांदणवेल यांच्या बेताला ते झेपणार नाही. आधीच प्रमाणपत्र असलेलं तिकीट मिळालं तर गोष्ट वेगळी. तेव्हाही प्रमाणपत्रावरचा फोटो आणि तिकीट दात्यादात्याने जुळवून पाहा. प्रमाणपत्र खरं आणि सोबतचं तिकीट भलतंच, हेही होतं.

दौलतराव_नाशिक
गांधींचा विषय निघालाच आहे तर सर्वांसाठी धोक्याची सूचना. याच संचावर "SERVICE" अक्षरं छापलेली तिकिटं दोन-तीन हजारांना फिरतात. (ती अक्षरं देवनागरीत "सर्व्हिस" नसतात, रोमनमध्ये असतात, म्हणून इथे तशी लिहिली.) ती गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी फक्त शंभर संच छापली होती. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. तुमच्या ग्रुपवर ते तिकीट दोन हजारांत येत असेल तर विकणारा एक तर संत आहे किंवा त्याच्याकडे रबरी शिक्का आहे.

उपद्व्यापी
संत असेल तर शिक्काही असेल. हल्ली दोन्ही लागतं.

चांदणवेल
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले. मी त्या इन्स्टाग्रामवाल्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागितला. उत्तर आलं: "मॅडम घ्यायचं तर घ्या, पाठ कशाला बघता, अल्बममध्ये लावल्यावर पाठ दिसणार आहे का?" त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. लाइनमधल्या तिघांना शुभेच्छा.

आता दोन पर्याय दिसतायत. ते परदेशातलं वापरलेलं, किंवा मुंबईच्या एका विक्रेत्याकडचं वापरलेलं. मुंबईवाल्याने दोन्ही बाजूंचे स्कॅन पाठवले, एका कोपऱ्यातला दाता थोडा आखूड आहे हे स्वतःहून सांगितलं आणि सात दिवसांत परत घ्यायला तयार आहे. बिल देतो म्हणाला. पण बाबांची तिन्ही तिकिटं कोरी आहेत. एक वापरलेलं चालेल का त्यांना?

जुनाट
आखूड दाता स्वतःहून सांगितला? घ्या त्याच्याकडून. (हो, ऑनलाइन. लिहिलं मी.)

खारुताई
मी तर म्हणेन या किमतीत वापरलेलंच घ्या. कोऱ्यात गोंदाचे, हिंजचे, परत लावलेल्या गोंदाचे सगळे प्रश्न असतात आणि तुम्हाला ते तपासता येणार नाहीत. शिक्का मारलेल्यात एकच प्रश्न उरतो, शिक्का खरा का. परदेशातलं नको, कस्टममध्ये अडकलं तर वाढदिवस निघून जाईल.

कोरी आणि वापरलेली एका पानावर लावणं काही कट्टर लोकांना खपत नाही. तुमचे बाबा त्यातले आहेत का ते त्यांचे बाकीचे संच चाळून कळेल.

अण्णा_टपालवाले
शिक्का वाचता येतोय का? तारीख, गाव?

चांदणवेल
अल्बम गुपचूप पाहिला, जॉर्जच्या पानांवर सरळ सरमिसळ आहे. हुश्श.

शिक्का अर्धाच आहे. "BOMBAY" मधली शेवटची तीन अक्षरं आणि ४९ दिसतंय. महिना पुसट. (दौलतरावांसारखंच, रोमन अक्षरांबद्दल क्षमस्व.)

अण्णा_टपालवाले
४९ म्हणजे तिकीट निघाल्यानंतरचंच. ठीक. शिक्क्याची शाई कागदात मुरलेली आहे की वर तरंगल्यासारखी, ते हातात आल्यावर पाहा. आणि स्पीड पोस्टानेच मागवा, २०२५ पासून रजिस्टर्ड त्यातच विलीन झालंय. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठवायला सांगा, चिकटपट्टी तिकिटाच्या जवळपासही नको.

सरळमार्गी
मी मागवतो त्या सगळ्या पाकिटांवर बारकोडचं स्टिकर असतं. तिकीटविक्रेते स्वतः पाकिटाला तिकीट लावत नाहीत याचा कुणीतरी निषेध करा.

मांडवीकाठ
माझा लिस्बनवाला लावतो. जुनी, रंगीत, सात-आठ वेगवेगळी. आतल्या मालापेक्षा पाकीटच जास्त जपून ठेवलंय मी.

चांदणवेल
मुंबईवाल्याला होकार कळवला, साइटवरूनच पैसे भरले. आलं की व्हिडिओ काढून उघडेन. दौलतराव, ते ठिपके बघायला भिंग कुठलं घेऊ? बाबांचं घेतलं तर त्यांना कळेल.

दौलतराव_नाशिक
दहा पट मोठं दाखवणारं, घडीचं. घड्याळ दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल. प्लास्टिकचं नको, काचेचं घ्या. दाते मोजायची पट्टी माझ्याकडे जास्तीची आहे, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, पाठवतो.

सरळमार्गी
पाकिटाला तिकीट लावून पाठवा हो.